हरवलेल्या मुलांची राहुटी

आमच्या मुलींच्या व्यायामवर्गाला गड्ड्यावर काम द्यावं की नाही, यावरून जत्रेला स्वयंसेवक पुरवणाऱ्या मंडळाच्या पुरुषांमध्ये बरीच खलबतं झाली होती. गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. संक्रांतीच्या सुमाराला तळ्याकाठी सगळा जिल्हा लोटायचा, आणि त्या गर्दीत दरवर्षी पोरं हरवायची. आमच्या बाईंनी मंडळाला सांगितलं की हरवलेल्या मुलांना सांभाळायचं काम पोरींना द्या. मिशा बघून ती मुलं अजून रडतात. लोक हसले आणि हो म्हणाले. पण जाताना मंडळाच्या अध्यक्षांनी बाईंना बजावलं की काही वावगं घडलं तर वर्गच बंद करावा लागेल.

बाई पंचविशीच्या असतील. लग्नानंतर वर्षभरातच विधवा झालेल्या, मुलींच्या शाळेत शिकवणाऱ्या. भावाकडून लाठी शिकल्या होत्या. तालमीच्या वस्तादांनी सकाळच्या वेळी अंगण वापरायला दिलं होतं, ते फाटक लावून घ्यायच्या अटीवर. त्या बंद फाटकाआड आम्ही वीसेक मुली लेझीम, लाठी आणि कवायत करायचो. इंग्रज सरकारने शहरावर लावलेला मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली होती, तरी चार माणसं एका ओळीत उभी दिसली की गल्लीतली दारं हळूच लागायची. लाठी घेऊन रस्त्याने जायचं नाही, असा बाईंचा नियम होता. लाठ्या तालमीतच राहायच्या.

मी तेव्हा सोळा वर्षांची. नव्या पेठेत आमचं कापडाचं दुकान, वर घर. घरात कानडी, दुकानात मराठी. अक्कलकोटकडचं एक स्थळ मला बघायला येणार होतं, आणि त्यांना वर्गाबद्दल कळू नये म्हणून अव्वा, म्हणजे माझी आई, देवाला हात जोडत होती. अप्पांनी वर्गाला परवानगी दिली होती ती एकाच बोलीवर: दिवेलागणीच्या आत घरात. एकदा जरी चुकलीस तर पुन्हा विचारायचं नाही, असं त्यांनी न ओरडता सांगितलं होतं. अप्पा ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

बाईंनी राहुटीची जबाबदारी माझ्यावर टाकली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. माझ्यापेक्षा धीट मुली होत्या. मी तर अक्षतेच्या, म्हणजे देवाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी भाकरी तशीच टाकून राहुटीकडे निघाले.

दुपारपर्यंत काम सोपं गेलं. मुलं यायची, रडायची, गूळ-शेंगदाणे खायची, आणि तेवढ्यात कुणाची तरी आई पदर सावरत धावत यायची. देवाच्या नंदीध्वजांच्या उंच काठ्या मिरवत निघाल्या तशी गर्दी फुगली. अक्षता पडल्यावर लोकांचा लोंढा सुटला, आणि त्यातून आमच्याच वर्गातली एक मुलगी एका चिमुरडीला कडेवर घेऊन आली. पोर चारेक वर्षांची होती. कपाळावर भंडारा, अंगाला घोंगडीचा वास, पायात काही नाही. रस्त्याच्या कडेला एकटी उभी होती म्हणे, रडत नव्हती.

मी विचारलं, "कुणाची गं तू?"

ती म्हणाली, "आय कुटं हाय?"

त्यापुढे ती काहीच बोलेना. गूळ दिला तर मुठीत धरून ठेवला, खाल्ला नाही. बाकीची मुलं एकेक करून गेली. मंडळाच्या मुलांचं पथक हलगी वाजवत मैदानभर दवंडी देऊन आलं की चार वर्षांची पोर सापडली आहे, आईने येऊन घेऊन जावी. कुणी आलं नाही. मुलांनी जनावरांच्या बाजाराकडेही दवंडी दिल्याचं सांगितलं. आम्हा मुलींना तिकडे जायची बंदी होती. तिथे सगळे पुरुष, दारू, जुगार. मंडळाने ते आधीच ठरवून दिलं होतं.

उन्हं उतरायला लागली. प्रत्येक बाई राहुटीकडे वळली की वाटायचं हीच आई. ती पुढे निघून जायची. पोर माझ्या परकराचा काठ धरून बसली होती. मी उठले की उठायची. सोडून तर गेले नसतील, असं शेजारची मुलगी हळूच म्हणाली. मी तिला गप्प केलं, पण तोच विचार माझ्याही डोक्यात कधीपासून घोळत होता.

अध्यक्ष आले. पोरीला चौकीवर द्या, असं त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी विचारलं की चौकीवर रात्रभर तिच्याजवळ कोण बसेल. ते म्हणाले की तो आपला प्रश्न नाही. दोन दिवस वाट बघून सरकार तिला अनाथाश्रमात पाठवील.  बाई दिराकडे एका खोलीत राहत होत्या आणि तिथे त्यांचंच असणं जड झालं होतं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलंही नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी मान खाली घातली असती.

"मी नेते घरी," मी म्हणाले.

घरी पोहोचेपर्यंत दिवे लागायला आले होते. अप्पा दुकानाच्या पायरीवर उभे होते. माझ्याकडे नाही, पोरीकडे बघत होते. मी काय झालं ते सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न जातीचा नव्हता. पोलिसांनी विचारलं की कुणाची पोर घरात ठेवलीत, तर काय सांगायचं, असं त्यांनी विचारलं. मार्शल लॉच्या वेळी आमच्या शेजारच्या माणसाला डोक्यावरच्या साध्या खादीच्या टोपीवरून पोलिसांनी नेलं होतं, ते त्यांच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. मी म्हणाले, मंडळाला ठाऊक आहे, बाईंना ठाऊक आहे. अप्पांनी आत जा अशी खूण केली आणि स्वतः मात्र तिथेच, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

अव्वाने दूधभात कालवला. पोर कोपऱ्यात उभी. अव्वा तिला आमच्या कानडीत जवळ बोलावू लागली. कानडीत 'बा' म्हणजे ये, 'कूसे' म्हणजे बाळा.

"बा, बा कूसे," अव्वा म्हणाली.

पोर गर्रकन वळली आणि दाराकडे धावली. दाराबाहेर वाकून बघितलं, जिन्यात बघितलं, आणि मग दिवसभरात पहिल्यांदा भोकाड पसरलं. आम्हाला काहीच उमगेना. अव्वा तिला उचलायला गेली आणि पुन्हा "बा" म्हणाली, तशी ती आणखी जोरात रडायला लागली.

"बा न्हाय तितं," ती म्हणत होती. "बा मेंढरांकडं हाय."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिच्या बोलीत बा म्हणजे बाप. दिवसभर आम्ही आई शोधत होतो, दवंडीही आईच्या नावानेच दिली होती. बापाचं कुणी विचारलंच नव्हतं. हिचा बाप जनावरांच्या बाजारात होता.

सकाळी मी तिला घेऊन राहुटीवर गेले तेव्हा अप्पा अजून अंथरुणातच होते. बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मुलांच्या पथकाच्या नाईकाला बोलावून विचारलं की काल बाजारात नक्की कुठवर दवंडी दिली. त्याने खालमानेने सांगितलं की बाजाराच्या तोंडाशीच दिली. आत एवढा कालवा होता की हलगीसुद्धा ऐकू जात नव्हती. बाई त्याला रागावल्या नाहीत. पोरीला पुरुषांच्या हाती देऊन पाठवावं, असा एक विचार निघाला, पण ती माझी मान सोडायला तयार नव्हती.

बाईंनी मला बाजूला घेतलं.

"मंडळाने नको म्हटलंय. मी जाणार आहे. तू आलीस तर ही गप्प राहील, पण तुला मी चल म्हणणार नाही."

अक्कलकोटचं स्थळ, अप्पा, अध्यक्षांचा शब्द, सगळं एकदम आठवलं.  मी पोरीला कडेवर सावरून घेतलं आणि चालायला लागले. वर्गातल्या आणखी चौघी न सांगता मागून आल्या. बाईंनी त्यांना परत पाठवलं नाही. फक्त दोन-दोनच्या ओळीत चाला, इकडेतिकडे बघू नका, एवढं सांगितलं.

बाजारात शिरलो तशी माणसं बोलायची थांबली. खोंड, म्हशी, शेळ्या, धुरळा, आणि त्यात नुसते फेटे. कुणीतरी शीळ घातली. कुणीतरी म्हणालं, तमाशा आला वाटतं. माझे कान तापले. बाई संथ पावलांनी पुढे चालत होत्या, वर्गात कवायतीला चालतात तशा. मागच्या दोघींपैकी एक रडत होती, ते मला तिच्या श्वासावरून कळत होतं. मेंढरांचा कळप दिसला तशी पोर माझ्या कडेवरच ताठ झाली. मग तिने हात पसरले.

कळपाजवळ उकिडवा बसलेला एक उंच, काळा माणूस उठून उभा राहिला. त्याने पोरीला घेतलं आणि आमच्याकडे संशयाने बघितलं.

"ही हितं कशी?" तो म्हणाला. "ही आयजवळ हाय की."

बाईंनी त्याला सांगितलं की ही काल दुपारपासून एकटीच आहे. त्याच्या तोंडावरचा रंगच उडाला. तो सांगायला लागला की बायको आणि पोर काठ्या बघायला गेल्या होत्या, आणि तिथून बायको तिच्या मामाकडे होटगीला जाणार होती. दोघी तिकडेच असतील म्हणून तो निवांत होता. बाईंनी विचारलं, बायको धडधाकट होती ना? तो म्हणाला, दिवस भरत आले होते, पण अजून पंधरवडा होता, आणि ती ऐकत नव्हती.

मुलांचा नाईक आमच्या मागोमाग आला होता. तो बाईंकडे बघत सांगायला लागला. काल अक्षतेच्या गर्दीत एक बाई कळा येऊन खाली बसली होती, तिला पथकातल्या मुलांनीच टांग्यात घालून सरकारी दवाखान्यात पोहोचवलं होतं. सोबत पोर होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. गर्दीत पोरीचा हात आधीच सुटला असणार.

तो माणूस मेंढरं तशीच सोडून निघाला. बाईंनी नाईकाला मेंढरांपाशी बसवलं, बाजाराबाहेर आल्यावर चौघींना राहुटीवर पाठवलं आणि मला घेऊन त्याच्याबरोबर निघाल्या.  टांग्यात पोर बापाच्या मांडीवर होती, पण एका हाताने तिने माझं बोट धरलं होतं. मी सारखी मनात म्हणत होते, जिवंत असू दे.

ती जिवंत होती. बाळ मात्र राहिलं नव्हतं. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिथल्या नर्सने सांगितलं की रात्रभर ही "माझी पोर, माझी पोर" म्हणत होती; आम्हाला वाटलं गेलेल्या बाळाबद्दलच बोलते आहे. बापाने पोरीला खाटेवर ठेवलं. त्या बाईने वळून बघितलं, तिचं तोंड चाचपलं, हात चाचपले, पाय चाचपले. मग तिने पोरीला पोटाशी इतकं घट्ट धरलं की नर्सला पुढे व्हावं लागलं. ती रडली नाही. मी व्हरांड्यात जाऊन भिंतीला टेकले. बाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला नाही, की शाबासही म्हटलं नाही. मग म्हणाल्या, "राहुटीवर मुलं आली असतील. चल."

बाजारात मुली शिरल्याची बातमी दुपारपर्यंत पेठेत पोहोचली होती. मंडळाची बैठक भरली. बाईंनी सांगितलं की निर्णय माझा, मुलींचा नाही. काही जणांनी वर्ग बंद करा म्हटलं. वस्ताद आजवर कुठल्याच बैठकीत बोललेले नव्हते. ते म्हणाले की अंगण माझ्या तालमीचं आहे आणि ते सकाळी उघडं राहील. अध्यक्षांनी पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी बघू असं म्हणून बैठक आटोपती घेतली.

अक्कलकोटचं स्थळ आलंच नाही. अव्वा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. अप्पांनी मला वर्गाला जायचं बंद केलं. मी तालमीच्या बंद फाटकाआडून घरापर्यंत येणारा लेझमांचा आवाज ऐकत निवडणं-टिपणं करायचे, आणि मला सारखी भीती वाटायची की एक दिवस तोही थांबेल. उन्हाळा लागला तेव्हा एका सकाळी बाई दुकानात आल्या. लुगडी बघत अप्पांशी बराच वेळ बोलल्या. काय बोलल्या ते दोघांनीही मला कधी सांगितलं नाही. संध्याकाळी जेवताना अप्पा ताटाकडे बघत म्हणाले, "उद्यापासून जा."

पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली आणि वर्ग माझ्याकडे आला. कुणी विचारलं नाही, मीही नाही म्हटलं नाही. गड्ड्याला मंडळाने राहुटी दिली, आणि आता दवंडीबरोबर दोन मुली जनावरांच्या बाजारातही जाव्यात, असं वस्तादांनीच सुचवलं. मी वर्गात विचारलं, कोण जाईल. माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त हात वर आले. त्या हातांकडे बघताना मला धडकी भरली. बाईंना त्या सकाळी काय वाटलं असेल, ते मला तेव्हा कळलं. मी दोघींना निवडलं, ओळीत चाला म्हणून सांगितलं, आणि त्या परत येईपर्यंत राहुटीच्या तोंडाशी उभी राहिले.