आई स्टीयरिंगवर बसली तेव्हा

त्या नवरात्रात माझा विश्वास दोन ठिकाणी डळमळला होता. एक देवीवरचा आणि दुसरा आमच्या गाडीच्या स्टीयरिंगवरचा. खुब्याच्या ऑपरेशननंतर आई जेमतेम काठीवर चालू लागली होती आणि सलकनपूरच्या डोंगरावरच्या देवीची ओटी भरायची, तीसुद्धा बाबांच्याच गाडीनं जाऊन, असं तिनं धरून ठेवलं होतं. बाबा गेल्यावर ही जुनी गाडी माझ्याकडे आली होती. टॅक्सीचं नाव काढलं की आई गप्प बसायची, आणि तिचं गप्प बसणं मला बोलण्यापेक्षा जड जायचं. वयाचा भरवसा नव्हता. पुढच्या नवरात्रात ती घाट चढून येईल असं डॉक्टरही ठामपणे म्हणत नव्हते.

गाडीचं दुखणं असं, की ती सरळ चालायचीच नाही. डावीकडे जातेय म्हणून स्टीयरिंगचं चाक उजवीकडे फिरवावं, तर आधी काहीच व्हायचं नाही आणि मग एकदम जास्त वळायची. मी कारखान्यात जन्म घालवलेला इंजिनिअर. टायर बदलले, हवा तपासली, अलाइनमेंट तर इतक्यांदा करून घेतलं की तो दुकानदार मला पाहून हसायचा. स्वतःही शोधलं. आत बसून चाक हलवायचं, धावत उतरून खाली वाकून पाहायचं. अर्थात मी वाकेपर्यंत सगळं शांत झालेलं असायचं. बायको म्हणायची, ‘मी बसते ना आत.’ मी म्हणायचो, ‘तुला नाही जमायचं.’ शेवटी नवीन टायरांवर ठीक वाटतेय असं मनाला पटवलं आणि अष्टमीला सकाळी आईला घेऊन घरून, नेहरू नगरहून, निघालो. बायको मुलीकडे गेली होती, त्यामुळे अडवायला कोणी नव्हतं.

हबीबगंजपर्यंत बरं चाललं. मंडीदीपला कारखान्यांचे ट्रक लागले, आणि एका ट्रकच्या हवेनं गाडी अशी हेलकावली की मी चाक दोन्ही हातांनी घट्ट धरलं. गाव ओलांडल्यावर कडेला घेतली आणि म्हणालो, “आई, परत जाऊ या. तुला घेऊन हा धोका नको.” तिनं खण-नारळाची पिशवी नुसती मांडीवर नीट केली. मला रडू यायचं बाकी होतं. त्या क्षणी देवीवर मी चक्क रागावलो होतो.

रस्त्यानं सलकनपूरला पायी जाणाऱ्यांचे जथे चालले होते. मागे राहिलेली एक बाई थांबली. हातात उंच लाल झेंडा, पायाला चिंध्या बांधलेल्या. “क्या हो गया भैया?” मी सांगितलं. शेवटी वैतागून हेही म्हणालो, की एकट्या माणसानं आत बसून चाक हलवायचं आणि त्याच वेळी खाली बघायचं, हे जमणार कसं?

“मैं बैठ जाती,” ती म्हणाली, “पर माता का झंडा है, ज़मीन पे नहीं रख सकती. अम्मा को बिठा दो ना.”

आईला? मी हसलोच. पण आईनं काठी केव्हाच बाहेर काढली होती.

तिला हळूच स्टीयरिंगसमोर बसवलं. “जिथवर सैल फिरतं तिथवरच हलव, जोर नको,” असं सांगून मी नव्या कुर्त्यासकट खडीवर आडवा झालो. पुढच्या जथ्यातून झांजांचा आवाज येत होता. आई त्याच तालावर चाक डावी-उजवीकडे हलवू लागली, आणि मला दिसलं. पुढच्या डाव्या चाकाकडे जाणारा दांडा हलत होता, पण त्याच्या टोकाचा जोड नुसता खुळखुळत होता. रस्त्यावरचं चाक जागचं हलत नव्हतं. जोडावरचं रबर फाटून आतलं सगळं झिजलेलं. इतके दिवस मी त्या झिजलेल्या जोडावर अलाइनमेंट करून घेत होतो.

“दिसलं, आई, दिसलं!” मी खालूनच ओरडलो. “मग मी थांबू की हलवू?” आई विचारत होती. तिला थांबायचं नव्हतं हे उघड होतं.

बाहेर येऊन पाहतो तो ती बाई पुढे निघून गेलेली. फोन केल्यावर मंडीदीपचा मेकॅनिक मोटरसायकलवर नवा जोड घेऊन आला, बसवला, चाकांची दिशाही दोरी लावून जुळवून दिली. दुपारी गाडी निघाली ती सुतासारखी सरळ. मी आनंदानं गुणगुणत होतो. त्या बाईचे आभार मानायचे म्हणून आम्ही वाटभर पाहत गेलो, पण लाल झेंडे कितीतरी होते. ती कोणती, ओळखू येईना. मग आईनं प्रत्येक झेंड्याला हात जोडले.

गाडी वरपर्यंत गेली. आईनं ओटी भरली. देवीपुढे काय काय मागायचं ते मी ठरवून आलो होतो, पण तिथे उभा राहिलो आणि काही मागावंसंच वाटलं नाही. पायरीवर टेकल्यावर आई म्हणाली, “तुझ्या बाबांनी मला त्या चाकाला कधी हात लावू दिला नाही. आज देवीनं लावू दिला.” आणि लहान मुलीसारखी हसली.

तो झेंडा खाली ठेवता आला असता तर ती बाईच चाकाशी बसली असती आणि आई मागेच बसून राहिली असती. यामागे काय होतं, याचा मी वाद घालत नाही. मला एवढंच कळतं, की चाक दुसऱ्याच्या हाती दिलं तेव्हाच मला वाकायला सवड मिळाली.