तिसऱ्यांदा विचारल्यावर

माझा धाकटा भाऊ ऑरिन बाकेडाल त्रेपन्न वर्षांत पहिल्या फटक्याला कशालाही 'हो' म्हणालेला नाही. कॉफी घेतोस? नको. बाहेर उणे तीस आहे, गाडीत बसतोस? नको, चालत जातो. आमच्या नॉर्डबीत सगळेच थोडेफार असे. मिनेसोटाच्या या कोपऱ्यात आया पोरांना चालायच्या आधी हेच शिकवतात. पहिलं 'नको' म्हणजे, विचारलंत, बरं वाटलं. दुसरं 'नको' म्हणजे, खरंच विचारताय ना? तिसऱ्यांदा विचारलं की आम्ही म्हणतो, 'बरं, तुम्हाला त्रास नसेल तर,' आणि मग तीन कप रिचवतो. बाकीचे आम्ही घाईत असलो तर दोनावरही उरकतो. ऑरिन तीन म्हणजे तीन.

लाव्हॉनने त्याच्या विचारण्याची सहा वर्षं वाट पाहिली आणि शेवटी पेट्रोल पंपावर स्वतःच त्याला लग्नाचं विचारलं. तेव्हा हा शहाणा म्हणाला, "अगं नको, तू कशाला उगाच त्रास करून घेतेस!" लाव्हॉन इथलीच होती म्हणून बरं. तिने गुरुवारी पुन्हा विचारलं, रविवारी पुन्हा विचारलं, आणि जूनमध्ये लग्न झालं.

त्यांना मूल झालं नाही. वीस वर्षं डॉक्टर झाले, प्रार्थना झाल्या, माझे फुकटचे सल्लेही झाले. मग एक दिवस लाव्हॉनला दत्तक देणाऱ्या एका संस्थेच्या यादीत कोलंबियातल्या बहीणभावाचा फोटो दिसला. येमी बारा वर्षांची, दुवान आठचा. तिथल्या बाईंनी सांगितलं की सगळ्यांना तान्ही बाळं हवी असतात, एवढ्या मोठ्या पोरांना कोणी नेत नाही. लाव्हॉनने तो फोटो फ्रिजवर लावला. ऑरिन आठवडाभर दूध काढायच्या निमित्ताने फ्रिजसमोर जाऊन उभा राहायचा. दूध तो पीत नाही.

मी काय म्हणाले तेही सांगते, म्हणजे गावात दुसऱ्या कुणाला ते सांगायचे कष्ट नकोत. चर्चच्या तळघरात, तोंडात केक कोंबून मी म्हणाले, "बारा वर्षांची घोडी ती! ती काय तुमची होणार? घर धुऊन नेईल एक दिवस!"

संस्थेच्या बाई कॅलिफोर्नियाच्या होत्या. त्यांनी ऑरिनला सरळ विचारलं, "मग पुढचे कागद करू या ना?" ऑरिन म्हणाला, "नको हो, तुम्हाला केवढा व्याप!" बाईंनी मान डोलावली आणि फाईल मिटायला घेतली. लाव्हॉनने टेबलाखालून त्याच्या नडगीवर अशी लाथ हाणली की तो दोन दिवस लंगडत होता. "ते 'हो' आहे," ती म्हणाली. "लिहा तुम्ही."

पोरांना आणायला दोघं पाच आठवडे कोलंबियात बुकारामांगाला जाऊन राहिली. तिथल्या कचेरीत रोज सकाळी एक मुलगी कॉफीचा ट्रे घेऊन यायची. ऑरिन 'नको' म्हणायचा, ती गोड हसायची आणि ट्रे घेऊन पुढे जायची. पाच आठवडे त्याने त्या ट्रेची पाठ पाहिली. परत आला तेव्हा चार किलो उतरला होता.

दुवानने पहिल्याच महिन्यात गावाला हादरा दिला. आमच्याकडे ताटलीतली शेवटची लिंबाची वडी कोणी खात नाही. तिची अर्धी करतात, मग अर्ध्याची अर्धी, मग त्याचीही अर्धी, आणि उरलेला कण पाद्रीबाई कुत्र्याला नेतात. त्या रविवारी दुवान टेबलापाशी आला, अख्खी वडी उचलली आणि तोंडात टाकली. तळघरात चमचा वाजेना. सगळे बघायला लागले तसा तो लाव्हॉनला म्हणाला, "उरली होती ना?" लोक महिनाभर हे बोलत होते. मला तर हे पोरगं त्याच दिवशी आवडून गेलं. मला तो 'टिया' म्हणायला लागला. त्यांच्या स्पॅनिशमध्ये आत्या, मावशी, काकू सगळ्यांना मिळून तो एकच शब्द आहे.

येमी वेगळी. ती बोलायची कमी, बघायची जास्त. लाव्हॉनने तिला विमानतळावरच सांगून टाकलं होतं, "मला काय हवं ते म्हण, फक्त हाक मार." दोन महिन्यांत लाव्हॉनची 'मामी' झाली, त्यांच्याकडे आईला म्हणतात ती. ऑरिन मात्र 'मिस्टर बाकेडाल'च राहिला. तो कशाला काही बोलतोय!

पण दोघांची गट्टी जमली होती. ऑरिन गावची बर्फ काढायची गाडी चालवतो. दर शनिवारी येमी त्याच्या शेजारी बसून जायची आणि पुढचं पातं वरखाली करायचा दांडा ओढायची. ऑरिनने तिला एकदाच दाखवलं आणि पुढे तिच्या चुकांवर अवाक्षर काढलं नाही. तिने माझी टपालपेटी उडवली तरी नाही. पेटी माझी होती म्हणूनही असेल.

फेब्रुवारीत एका शनिवारी ती गेली नाही. पुढच्याही नाही. ऑरिन गाडी सुरू करून दारात दहा मिनिटं थांबायचा आणि एकटाच निघून जायचा. घरात ती त्याच्याशी 'हो मिस्टर बाकेडाल', 'नाही मिस्टर बाकेडाल' एवढंच बोलायची. मी त्याला विचारलं, "काय झालं रे?" तो म्हणाला, "काही नाही." तो 'काही नाही' म्हणतो तेव्हा घराला आग लागलेली असू शकते.

एप्रिलमध्ये कागद आले. कोलंबियात दत्तक झालंच होतं, पण आमच्या जिल्हा कोर्टात ते पुन्हा नोंदवायचं होतं. येमी आता चौदाची झाली होती, त्यामुळे बाकेडाल आडनाव घ्यायचं की नाही हे न्यायाधीशबाई तिलाच विचारणार होत्या. त्याआधी तिने एक कागद भरून द्यायचा होता. दुवानच्या कागदावर बाकेडाल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की अर्धं चौकटीबाहेर गेलं. येमीने आडनावाच्या चौकटीत लिहिलं होतं, 'नको'.

लाव्हॉन मला फोनवर रडत म्हणाली, "मी तिला काही बोलणार नाही. तिचा हक्क आहे." ऑरिन गॅरेजमध्ये जाऊन बसला तो जेवायलाही आला नाही. त्याच्या आवडीचा हॉटडिश होता, वर बटाट्याच्या कुरकुरीत गोळ्या रचलेला, तरी आला नाही. तेव्हा मात्र मी घाबरले.

लाव्हॉन बोलणार नव्हती, ऑरिन तर जन्मातच बोलला नसता. मग मी कशाला आहे? रविवारी दुपारी मी येमीला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं.

"काय गं, आमच्या नावात काय किडे पडलेत?"

येमी म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलं."

"कुणी?"

"मिस्टर बाकेडालनी. फेब्रुवारीत, गॅरेजमध्ये. मी विचारलं, तुम्हाला पापा म्हणू का. ते म्हणाले, 'अगं नको, नको, एवढं कशाला.'"

मी कपाळावर हात मारला. "कितीदा विचारलंस?"

"एकदा. नको म्हटल्यावर पुन्हा कशाला विचारायचं?" तिचा आवाज चढला. "आमच्या तिथल्या अनाथाश्रमात लोक मुलं बघायला यायचे ना, टिया, तर दुवानला येतोस का विचारायचे, मला नाही. मी एका बाईंना विचारलं होतं, मलाही नेता का. त्या नको म्हणाल्या. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायला खाली गेले, तर त्या आल्याच नाहीत. तेव्हापासून मी कुणालाच दोनदा विचारत नाही."

मला तिच्याकडे बघवेना. घोडी म्हणाले होते मी तिला. दोन मिनिटं मी उगाच नळ सोडून कप विसळत बसले.

मग मी शेजारच्या व्हर्नाला हाक मारली. व्हर्ना आली. मी येमीला हळूच म्हटलं, "बोटांवर मोज." आणि व्हर्नासमोर वड्यांची ताटली धरली.

"घे गं, व्हर्ना."

"छे छे, आत्ताच जेवले."

येमीने एक बोट काढलं.

"अगं घे, ताज्या आहेत."

"नको बाई, तुम्हालाच राहू दे."

दुसरं बोट.

"व्हर्ना, घे म्हणते ना!"

"बरं, तू एवढं म्हणतेस तर, अर्धीच देशील," व्हर्ना म्हणाली, आणि तिने दोन उचलल्या.

येमी तिसरं बोट तसंच वर धरून व्हर्नाकडे बघत बसली. व्हर्ना गेल्यावर ती म्हणाली, "म्हणजे तिला आधीपासून हव्या होत्या?"

"दारातून येतानाच."

"आणि मिस्टर बाकेडाल..."

"तो मूर्ख दोन महिने तुझ्या दुसऱ्यांदा विचारण्याची वाट बघतोय. दारात गाडी सुरू करून उभा राहतो तो!"

"तुम्ही सगळे वेडे आहात का?" येमी ओरडली. "अख्खं गाव?"

"हो," मी म्हटलं. पहिल्या फटक्याला.

ती ताडकन उठली आणि कोट न घालताच रस्ता ओलांडून निघाली. मी मागोमाग गेले. खिडकीतून बघून लाव्हॉनही आली, आणि आम्ही दोघी गॅरेजच्या दाराआड उभ्या राहिलो. चोरून ऐकणं वाईट असतं. आम्ही ऐकलं.

ऑरिन गाडीच्या पात्याचे बोल्ट घासत होता. येमी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्हाला पापा म्हणू का?"

ऑरिनच्या हातातला पाना खाली पडला. "अगं, नको, तुला उगाच..." त्रेपन्न वर्षांची सवय, काय करणार! त्याच्या तोंडून ते निघून गेलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. लाव्हॉनने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

"हे दुसरं," येमी म्हणाली. तिची दोन बोटं वर होती. "पहिलं फेब्रुवारीत झालं. आता मी तिसऱ्यांदा विचारणार आहे. मी कुणाला तिसऱ्यांदा विचारलेलं नाही. नीट ऐका. मी तुम्हाला..."

"हो," ऑरिन म्हणाला.

"मला विचारू तर द्या!"

"हो," तो पुन्हा म्हणाला. मग टोपी काढली आणि तिच्यानेच डोळे पुसत म्हणाला, "हो, हो. पहिल्यांदाही होच होतं गं." आणि माझा भाऊ ढसाढसा रडला. आईच्या दफनाला त्याने फक्त नाक शिंकरलं होतं.

मे महिन्यात आम्ही सगळे कोर्टात गेलो. व्हर्नासुद्धा आली. ऑरिनने लग्नातला कोट घातला होता, आणि बुकारामांगाच्या कृपेने त्याची बटणं लागली. न्यायाधीश हागेनबाई आमच्याच जिल्ह्यातल्या, पलीकडच्या गावच्या. दुवानचं झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून येमीकडे पाहिलं.

"येमी, तुला बाकेडाल हे नाव घ्यायला आवडेल का?"

येमी हात पाठीमागे घेऊन सरळ उभी होती. ती म्हणाली, "नको, बाई. तुम्हाला उगाच एवढी लिखापढी."

ऑरिन बाकाची कड धरून माझ्याकडे वळला. मला येमीचा डावा हात दिसत होता. पाठीमागे तिने एक बोट काढलं होतं.

हागेनबाईंनी पापणीही हलवली नाही. पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "लिखापढीचं काय, आम्ही त्यासाठीच बसलोय. घेतेस ना?"

"छे, छे. बाहेर लोक ताटकळलेत."

दोन बोटं. व्हर्ना माझ्या मागे समाधानाने मान हलवत होती. ऑरिनला घाम फुटला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला कळत होतं की आजवर तो लोकांचं काय करत आला.

"येमी," हागेनबाई म्हणाल्या, "मी म्हणते, घेच."

येमीने मागे वळून माझ्या भावाकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "पापाला त्रास नसेल तर."