मंजुळाबाईची ढोरं

मंजुळाबाई भोई महिन्यातून दोनदा दोंडाईच्याला जायची आणि मांगीलाल शेठच्या दुकानातून शेंगदाण्याची पेंड अन् तांदळाचा कोंडा आणायची. पोत्याचं तोंड बांधता बांधता शेठ दर खेपेला तेच विचारत, "ढोरांसाठीच ना?"

"ढोरांसाठीच, शेठ."

मंजुळाबाईकडे एक शेळीसुद्धा नव्हती. हे शेठना ठाऊक होतं, आणि शेठना ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं. पण शेठ पडले जैन. माशांच्या धंद्याला हातभार लावणं त्यांच्या मनाला पटेना, आणि दारी आलेलं गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत पाठवणंही जमेना. तेव्हा दोघांनी मिळून ही ढोरं पाळली होती.

बाईचं सासर-माहेर दोन्ही तापीकाठचं, जाळ्यावर जगलेलं. पण अलीकडे नवरा सुकदेवनाना दिवसभर नदीत जाळं टाकून यायचा, तरी कालवणापुरतेही मासे मिळत नसत. मुलगा नवल बायकोला, किरणला, घेऊन सुरतेला लूमवर गेला. मशीनच्या खडखडाटात त्याचे कान बधिर होत चालले होते. फोनवर तो ओरडून बोलायचा आणि आईचं बोलणं त्याला दोनदा सांगावं लागायचं. गावाबाहेरचा पाझर तलाव बायकांच्या बचत गटाला मासे पाळायला मिळाला, तेव्हा राखण नि खाणंपिणं मंजुळाबाईने आपल्याकडे मागून घेतलं. पोळा झाल्यावर बोटाएवढी पिल्लं, म्हणजे बोटुकली, पाण्यात सोडली. नवल फोनवर ओरडला होता, "माय, व्हळीले येस. तलावमा काही दिसनं तं मंग परत जात नही!"

तेव्हापासून ती तलावाकडे पाहायची ती लेकाच्या वाटेकडे पाहावं तशी.

सुकदेवनानाला मात्र या प्रकाराचं हसू येई. "नदीमा मासास्ले कोनी जेवन वाढं व्हतं का? तू तं पंगत बसाडी ऱ्हायनी!"

"पाहुना शेतस मना," ती म्हणायची आणि आणखी एक मूठ टाकायची. मासा धरायचा कसा हे भोयांच्या सात पिढ्यांना माहीत. खाऊ किती घालायचा हे एकीलाही माहीत नव्हतं.

दिवाळी झाली आणि आभाळ भरून आलं. ना पाऊस, ना वारा. तिसऱ्या दिवशी उजाडताना ती बांधावर गेली, तर काठाकाठाने शेकडो तोंडं पाण्याबाहेर उघडी. तिला भरून आलं. पोरं आपल्याला ओळखू लागली! तिने दुप्पट पेंड टाकली. दुसऱ्या दिवशी तोंडं वाढली, तिने पेंड वाढवली. त्यानंतरच्या सकाळी मात्र सात-आठ रोहू पांढरं पोट वर करून तरंगत होते. सुकदेवनाना थट्टा विसरला. गटाला मासे पाळायचं प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांचा फोन लागेना. घरातलं पोतं तर संपलेलं. लेकरं उपाशी मरतात या एकाच विचाराने तिने दोंडाईचा गाठलं.

बाजारात मिरचीच्या पथाऱ्यांवर ताडपत्र्या टाकलेल्या होत्या. शेठ आभाळाकडे बघत बसले होते.

"इतक्यात पेंड संपली, बाई?"

"ढोरं भुकी आहेत, शेठ. उजाडताना तोंड उघडून उभी राहतात. काही गेली."

शेठने हातातलं माप खाली ठेवलं. "दिवस वर आल्यावर?"

"जरा बरी होतात."

शेठने पुन्हा एकदा आभाळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "राजस्थानात आमच्या गावी एक कुंड होतं. पुण्य लागतं म्हणून सगळे त्यात कणकेच्या गोळ्या टाकायचे. एकदा असंच आभाळ आलं. उरलेली कणीक तळाशी कुजली, पाणी कोंडलं. सकाळी बघतो तर सगळी... ढोरं तोंड उघडून वर. आम्हाला वाटलं भुकेली आहेत. आम्ही आणखी टाकलं."

"कुंडात ढोरं?" सरकी घ्यायला आलेल्या तोतारामने विचारलं.

"तू तुझी सरकी घे," शेठ खेकसले आणि बाईकडे वळले. "ती भुकी नाहीत. त्यांना श्वास घेता येत नाही. आज पेंड मिळायची नाही. चार दिवस कडक उपास, आणि पाणी हलवा. थांबू नका."

ती निघाली तेव्हा मागून हळूच म्हणाले, "बाजाराला काढाल तेव्हा एक जीव माझ्या नावानं सोडा."

दुपारपासून तलावावर गावच लोटलं. शेजारच्या झुलालभाऊने शेतातली मोटर आणून तलावाचंच पाणी उंच फवाऱ्याने परत तलावात पाडलं. गटातल्या बायकांनी कडुलिंबाच्या फांद्यांनी पाणी झोडपलं. सुकदेवनानाने जुनी डोंगी पाण्यात लोटली आणि खांदे भरून येईपर्यंत वल्हवत या काठाची त्या काठाला नेली. पहाटे पुन्हा तेच. चौथ्या सकाळी पाण्यावर एकही तोंड नव्हतं. मासे न दिसल्याचा आनंद भोयाच्या घरात पहिल्यांदाच झाला असावा.

"पाहुना जेवाले उना नहीत का?" नानाने विचारलं.

"एकादशी शे त्यासनी," म्हणत तिने डोळे पुसले.

होळीला नवल आणि किरण आले. बाप-लेकांनी जाळं ओढलं तेव्हा ते दोघांना आवरेना. पहिला मासा पाण्याला परत द्यायचा, ही भोयांची रीत. तो नानाने सोडला. मंजुळाबाईने हाताला लागलेला जाडजूड कटला दोन्ही हातांनी उचलला आणि पाण्यात ठेवला.

"हाऊ कोना?" नवलने ओरडून विचारलं.

"शेठना."

नवल सुरतेला गेला तो फक्त सामान आणायला. पुढच्या बोटुकलीच्या वेळी खाद्य आणायला तोच दोंडाईच्याला निघाला. शेठ काय विचारतील आणि काय उत्तर द्यायचं, ते आईने त्याच्या कानाशी तोंड नेऊन नीट पढवलं.

शेठने पोत्याचं तोंड बांधत विचारलं, "ढोरांसाठीच ना?"

"ढोरांसाठीच!" नवल लूमवरच्या आवाजात गरजला. अख्ख्या गल्लीने वळून पाहिलं.

"कळलं बाबा, कळलं," शेठ हसू दाबत म्हणाले. "तलावावर जरा हळू बोलत जा. दचकतील ती."