पाऊण फेरा

काकांच्या पायाला भिंगरी आहे असं काकू म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. जेवताना माणूस दोनदा उठायचा. चहा तर येरझाऱ्या घालतच प्यायचे, म्हणून काकू त्यांचा कप पाऊणच भरायची. काठोकाठ भरला की घरभर थेंब! कारखान्यात मात्र त्यांना पाऊणराव म्हणत, ते वेगळ्या कारणासाठी.

कागदाच्या त्या कारखान्यात काका बावीस वर्षं पंपघर सांभाळत होते. तिथे दोन पंप. एक टेकडीवरच्या टाकीत पाणी चढवायचा, दुसरा यंत्रांमधून पाणी फिरवत ठेवायचा. यंत्रांना कधी जास्त पाणी लागे, कधी कमी. पंप मात्र एकाच वेगाने धावायचा. मग काका पाइपवर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि व्हॉल्व्हची चक्री फिरवत म्हणायचे, "पाऊण फेरा." मी त्याच कारखान्याच्या ऑफिसात होते, त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

एका सोमवारी मॅनेजरांनी त्यांना बोलावलं. दोन्ही पंपांना वेग कमी-जास्त करणारं ड्राइव्ह बसवायचं की आपोआप हलणारे नवे व्हॉल्व्ह? विक्रेता दोन्हीकडे ड्राइव्ह म्हणत होता.

"पंप तुम्हाला कळतात. शुक्रवारी सांगा," मॅनेजर म्हणाले. "एक मात्र आहे. फिरत्या पाण्यावर ड्राइव्ह आलं, तर तिथे माणूस ठेवता येणार नाही."

घरी काकूने निकाल लावून टाकला. "अहो, त्यात विचार कसला? व्हॉल्व्ह म्हणा नि मोकळे व्हा. त्यात लगदा अडकणार, साफ करायला तुम्हीच लागणार."

मलाही तेच वाटत होतं, उगाच कशाला लपवू? पण काकांचा जीव थाऱ्यावर नव्हता. घरातला प्रत्येक नळ ते घट्ट करायचे, सैल करायचे, पुन्हा घट्ट करायचे. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी मला मोरीत बोलावलं. नळ पूर्ण सोडला आणि तोंडावर अंगठा दाबला. पाणी फसफसून भिंतीवर उडालं.

"बघितलंस? बावीस वर्षं मी हेच केलं गं. पंपाला जिवाच्या आकांताने पळवायचं आणि वरून गळा दाबायचा."

मी भडकले. "मग गप्प बसा ना! तुमच्याशिवाय कोणाला कळतंय ते?"

"म्हणून तर मला विचारलंय," काका म्हणाले आणि ओल्या हातांनीच अंगणात निघून गेले.

शुक्रवारी ते उभ्या-उभ्याच बोलले. "टेकडीच्या पंपाला ड्राइव्ह नको. वेग थोडा उतरला की पाणी टाकीपर्यंत पोचायचंच नाही, पंप जागच्या जागी घुसळत तापेल. तिथे व्हॉल्व्हच बरा." माझा जीव भांड्यात पडला, पण काका थांबले नव्हते. "फिरत्या पाण्याला मात्र ड्राइव्हच बसवा. तिथे चढाव नाही. जेवढं पाणी लागेल, तेवढंच पळू दे त्याला."

ड्राइव्ह आलं. टेकडीचा नवा व्हॉल्व्ह फिटरच्या गळ्यात पडला, आणि महिनाअखेर काकांचं काम संपणार हे ठरलं. शेवटच्या दिवशी फिरत्या पाण्याच्या पंपापाशी मॅनेजर अदबीने म्हणाले, "चक्री पूर्ण उघडा. यापुढे तिला हात लावायला नको."

काकांनी चक्री पूर्ण उघडली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. मग सवयीने पाइपवर तळहात ठेवला. नेहमी थरथरणारा पाइप गप्प होता. काकांनी हात काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. मला तिथे उभं राहवेना.

घरी काकूने नेहमीसारखा पाऊण कप पुढे केला.

"पूर्ण भर," काका म्हणाले. "आज बसून पिणार आहे."

काकूने कप काठोकाठ भरला. काका खुर्चीत बसले खरे, पण गुडघा हलायचा थांबेना, आणि चहा बशीत सांडत राहिला.