बाबांच्या मोटारसायकलचा नवा रंग

बाबांची मोटारसायकल वाघोलीतल्या एका कॅफेच्या भिंतीवर शोभेला टांगणार आहेत, हे मला धाकट्या भावाने फोनवर सांगितलं, तेही घरात कुणाला पुरस्कार मिळाल्यासारखं. कॅफेवाला रविवारी संध्याकाळी गाडी न्यायला येणार होता. बाबा काय म्हणाले, असं मी विचारलं. "न्या," म्हणाले म्हणे. माझं डोकंच फिरलं.

गाडी माझ्याच वयाची. किक मारली की अजून सुरू व्हायची, पण दसऱ्यापासून तिच्या दिव्यांचं काहीतरी बिनसलं होतं. ब्रेक दाबला की हेडलाइट मंद व्हायचा, हॉर्न वाजवला की इंडिकेटर मिणमिणायचा. दोन मेकॅनिकनी सगळं वायरिंग बदलायला सांगून हात वर केले आणि त्या मॉडेलचं वायरिंग नाना पेठेतल्या स्पेअरपार्टच्या दुकानांतही मिळेना. दिव्यांशिवाय संध्याकाळचं बाहेर पडणं बंद, म्हणजे मित्रांचा कट्टाही बंद. सत्तरी ओलांडलेला हा माणूस वारज्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून खाली गाड्या लावणाऱ्यांच्या चुका काढू लागला. मला ते बघवत नव्हतं.

रविवारी सकाळीच मी पान्हे घेऊन पार्किंगमध्ये हजर झाले. मी शाळेत विज्ञान शिकवते. बल्ब लागायला परिपथ पूर्ण हवा, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. बाबांनी माझ्याकडे नखशिखान्त पाहिलं आणि विचारलं, "आपण कुठल्या गॅरेजमधून आलात?"

बॅटरी ठीक होती, फ्यूज ठीक होता, बल्बही शाबूत. दुपारपर्यंत मी एकेक जोड उघडून पुसत बसले आणि फरक शून्य. चिडून शेवटी एक लांब वायर घेतली, तिचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं आणि दुसरं हेडलाइटच्या अर्थिंगच्या वायरला टेकवलं. हेडलाइट लख्ख पेटला. हॉर्न दाबला, तरी उजेड जराही मंद झाला नाही. म्हणजे वीज दिव्यापर्यंत नीट जात होती, तिची परतीची वाट बंद होती. आणि जुन्या गाडीत ही परतीची वाट म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडाच.

मग मला दसऱ्याची पूजा आठवली. पूजेसाठी बाबांनी गाडी पूर्ण खोलून रंगवून घेतली होती. पेंटरच्या डोक्यावर उभं राहून एक कोपरा सोडू दिला नव्हता. आम्ही टाकी उतरवली. अर्थिंगची वायर ज्या बोल्टने सांगाड्याला कसतात, तिथेही तोच चकचकीत काळा रंग जाड बसला होता. त्या रंगातून वीज कशी जाणार?

मी पॉलिश पेपर काढला, तर बाबांनी माझं मनगट धरलं.

"रंगाला हात लावायचा नाही."

"बरं," मी म्हटलं, "भिंतीवर छान दिसेल."

बाबांनी मनगट सोडलं. मग त्यांनी पॉलिश पेपर माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच घासायला बसले, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. बोल्ट मी कसला. चावी फिरवली आणि सगळे दिवे एकदम शहाण्यासारखे लागले. बाबांनी हॉर्न असा दाबून धरला की वॉचमन खुर्चीतून उठून आला. मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ग्रीसने माखलेल्या हातांनी, चक्क टाळ्या वाजवल्या. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

दिवेलागणीला कॅफेवाला टेम्पो घेऊन आला, तेव्हा बाबा हेल्मेट घालून गाडीवर बसले होते.

"अहो, आपण उगाच त्रास घेतलात. मला आत्ता बाहेर जायचंय."

"काका, पण भिंतीवर जागा ठरवून ठेवलीय."

"मग तिथे घड्याळ लावा."

त्यांनी किक मारली. टेम्पोवाला अजून काय करायचं ते विचारत होता, तोवर बाबा गल्लीच्या टोकाला पोहोचले. मागेपुढे एक माणूस नव्हता, तरी वळताना त्यांनी इंडिकेटर दिला.