आक्काच्या नावाची नळी

हे मी आजवर कोणापाशी बोलले नाही. नवऱ्यापाशीसुद्धा नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही आक्काला ओळखत नाही.

आक्का म्हणजे माझी मोठी जाऊ. मी गंगापूरकडच्या आमच्या गावात आशाताई, घरोघरी आरोग्याचं काम बघणारी. माझी दोन्ही बाळंतपणं आक्कानंच काढली. अजूनही मला यायला उशीर झाला की माझं ताट झाकून बसती. लई जीव आहे माझा तिच्यावर—मग असं कसं वागले मी?

गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी होती. कोणत्या पद्धतीनं लवकर कळतं ते ताडून बघायचं होतं, म्हणून प्रत्येकीच्या दोन तपासण्या. एक काडीची—बाईनं घरीच आतून काडी फिरवायची आणि नळीत घालून द्यायची. दुसरी नंतर शिबिरात, व्हिनेगर लावून डॉक्टरबाई बघणार—पांढरा डाग उठला तर धोका. बाया लाजत होत्या. पहिली तयार झाली आक्का. "तुझं नाव खाली जाऊ द्यायची नाय मी," म्हणली.

तिची नळी माझ्या पिशवीत सांडली. झाकण मीच नीट लावलं नव्हतं. आक्का तोवर माहेरी पैठणला गेलेली, नळ्या दुपारपर्यंत दवाखान्यात सिस्टरबाईंकडे जमा करायच्या. आणि सिस्टरबाईंसमोर चूक कबूल करायची—मी? सगळ्यात चोख काम माझं, असं मिरवणारी? एक काडी जास्तीची होती. न्हाणीत गेले, स्वतःचीच घेतली, वर आक्काचं नाव चिकटवलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर—नाही, एवढंही कमी नव्हतं. पण शिबिरात आक्काला पांढरा डाग दिसला. डॉक्टरबाईंनी काडीचा आलेला रिपोर्ट बघितला. साफ. म्हणाल्या, साध्या सुजेनंही कधी असं दिसतं, काडीची तपासणी जास्त भरवशाची, वर्षानं परत बघू. मी तिथंच उभी होते, आक्काची पिशवी धरून. एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोलले.

वर्ष भरायच्या आत तिला रक्त जायला लागलं.

आता तिला रोज एसटीनं शहरात कॅन्सरवरचा किरणांचा शेक द्यायला नेते. येताना ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपती. दवाखान्यात शेजारच्या बाईला सांगती, "हिनं वेळेत तपासलं होतं मला. माझंच नशीब." मग फाईलमधून तो साफ रिपोर्ट काढून दाखवती. प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय तिनं.

तो रिपोर्ट माझा आहे. आक्काला अजून माहीत नाही.