तिसऱ्या ओळीतला कललेला चौकोन

लॅपटॉपला हात लावण्याआधी काकू पदराला बोटं पुसायच्या, कोरडी असली तरी. मग म्हणायच्या, "तू आकडे वाच, मी टाकते."

पनवेलजवळ विचुंब्याच्या आमच्या इमारतीत त्या शेजारी एकट्या राहायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. त्यांची बेल वाजलेली मी कधी ऐकली नाही. अशी शेजारीण तुमच्याही मजल्यावर असेल. आपण जिन्यात हसतो आणि पुढे जातो.

मीही तेच करायचो. एका रविवारी चुकून त्यांच्याकडे आलेलं माझं पत्र द्यायला त्या आल्या आणि स्क्रीनकडे बघत उभ्या राहिल्या. संगणकाने अगदी सुरुवातीला काढलेली चित्रं आजच्या कोडमध्ये पुन्हा काढायचा मला नाद होता. समोर चौकोनांच्या ओळी होत्या. वर सरळ, खाली येता येता कलत गेलेल्या.

"असं चित्र आमच्या ऑफिसात होतं," त्या म्हणाल्या. "त्याची कार्डं मी पंच केली हायत."

लग्नाआधी त्या मुंबईत पंच ऑपरेटर होत्या, संगणकाला द्यायचे आकडे कार्डांवर भोकं पाडून नोंदवायच्या. साहेबांनी हौसेनं चित्र आखलं, प्रत्येक चौकोनाला एक कार्ड. तिसऱ्या ओळीत त्यांच्याकडून आकडा चुकला आणि वरच्या सगळ्या सरळ चौकोनांत एकच कलला. त्या रडल्या. साहेब म्हणाले, राहू दे, छान दिसतंय. फ्रेम झाली, खाली साहेबांचं नाव. पुढे ऑफिस हललं, तेव्हा चित्र कुठे गेलं कुणास ठाऊक.

मी कोडच्या दहा ओळींत ते चित्र काढून दाखवलं.

"सगले एकदम? मंग आमी काय केलं?"

म्हणून एकेक आकडा टाकायची सोय केली. पंधरा दिवस त्या दुपारच्या येत राहिल्या. शेवटी तो एक चौकोन उरला. त्याचा आकडा काही आठवेना.

"नाय, जास्त पडला. नाय, आता कमी." आणि मग, "हां." चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला.

पनवेलहून चित्र छापून आणलं. खाली त्यांनी पेनाने नाव लिहिलं, माहेरचं.

"या नावानं हाक मारनारं आता कोन नाय."

दोन वर्षांनी त्या गेल्या. सामान न्यायला उरणहून पुतण्या आला. भिंतीवरचं चित्र उतरवून त्याने नाव वाचलं.

"ही बाई कोन?"

"तुमची काकू."

त्याने ते नाव पुन्हा एकदा वाचलं. मग संकोचून म्हणाला, "तुमी ठेवता का? आमच्याकडं जागा नाय."

टेम्पो निघून गेला, तरी मी चित्र दोन्ही हातांत धरून जिन्यात उभा होतो.